ओझ्याची नोंद

पाटणच्या डोक्यावर, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरू लागल्या त्याला आता दोन-अडीच दशके होत आली. आपले आपण चालणाऱ्या ज्या यंत्रांची आज एवढी चर्चा आहे, त्यांचे हे आपल्या मुलखातले पूर्वजच म्हणायचे. वारा दिशा बदलतो, माथ्यावरचे मापक ते टिपते आणि ते अवजड शीर कुणाच्याही आज्ञेवाचून सावकाश वाऱ्याला सामोरे होते. खाली शिवसागराचे पाणी आणि वर हे अखंड, निर्मनुष्य भ्रमण. या चक्क्यांवरून कुरबुरी पुष्कळ झाल्या, पण त्या जमिनीच्या भावावरून, किंवा त्या पाऊस पळवतात या संशयावरून. यंत्र स्वतःहून मान वळवते याचे भय कुणाला वाटले नाही, आणि त्याचे कारण मला फार उशिरा उमगले: त्या उघड्या सड्यावर वाऱ्याकडे तोंड करून उभा राहणारा माणूस आधी कुणी नव्हताच. कुणाची जागा गेली नव्हती.

मल्हारपेठेच्या अलीकडे, कोयनाकाठच्या एका उसात मात्र तसे नव्हते. तिथे ड्रोनची फवारणी चालली होती ती पाहत मी थांबलो. पुरुषभर उंचीच्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणे म्हणजे काय, हे ज्याचे दंड पातीच्या धारेने चिरले आहेत त्यालाच ठाऊक. बांधावर अंथरलेल्या ताडपत्रीवरून ते सहा भुजांचे यंत्र दहा लिटरची टाकी पोटाशी धरून उठले. त्याच्या पंख्यांच्या झोताने शेंडे दुभंगत होते आणि त्या दुभंगातून औषधाचे धुके आत उतरत होते. तासे त्याने आधी आखलेल्या नकाशावरून स्वतःच धरली होती; चालवणारा तरुण हातातल्या पडद्याकडे नुसता पाहत होता. दहा मिनिटे होण्याआधीच एकर उरकला. शेजारी उकिडवे बसलेले एक वृद्ध गृहस्थ पूर्वी याच शिवारात पंप मारायचे. "बरं झालं की, काका," मी म्हटले. ते म्हणाले, "पाठीला बरं झालं बघा."

त्या उत्तरात पाठीखेरीज उरलेल्या माणसाचा उल्लेख नव्हता.

मानवी श्रम हलके करणाऱ्या यंत्रसेवकाचे स्वप्न काही आजचे नाही. अकराव्या शतकातल्या भोजाच्या 'समराङ्गणसूत्रधारा'त एक संपूर्ण अध्याय यंत्रांना वाहिलेला आहे. त्यात लाकडाचे पक्षी आहेत, दारावर पहारा देणारे पुतळे आहेत, आणि त्यांची घडण उघड केलेली नाही ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्ततेसाठी, असा खुलासाही राजाने करून ठेवला आहे. (आजच्या कंपन्यांना हा पूर्वसूरी आवडेल.) त्याच्याही कितीतरी आधी ॲरिस्टॉटलने म्हणून ठेवले होते की धोटा आपोआप विणू लागला तर धन्याला दासाची गरज उरणार नाही. पण त्याने ते दास्य अपरिहार्य आहे हे सांगण्याच्या ओघात म्हटले. धोटा खरोखरच चालू लागला तर मोकळ्या झालेल्या दासाने संध्याकाळी काय खावे, हा विचार त्या थोर बुद्धीला शिवला नाही.

तो प्रश्न विचारला गेला, तो याच पाटण तालुक्यातल्या एका माणसाकडून. ढेबेवाडीच्या खोऱ्यातून पिढ्यानपिढ्या पुरुष मुंबईला गेले आणि मशीद बंदरच्या गोदामांत पोत्यांखाली वाकले. मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील त्यांतलेच. हमालाला मालक होते, पण एक मालक नव्हता: सकाळी या पेढीचा माल, दुपारी त्या पेढीचा, आणि पाठ मोडली की कुणाचाच नाही. अण्णासाहेबांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा आला. या कायद्याने मंडळे नेमली, हमालाचे नाव वहीत चढवले, मालकांकडून मजुरीवर लेव्ही घेतली आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी उभे केले. ओझे तेच राहिले. पण त्याची नोंद झाली, आणि नोंदीतून हक्क निघाला. ढेबेवाडीकडच्या कितीतरी घरांच्या भिंती त्या फंडाच्या पैशातून उभ्या आहेत.

ॲमेझॉनने २०१२ मध्ये किवा नावाची यंत्रमानव बनवणारी कंपनी विकत घेतली, त्यानंतर ॲमेझॉनच्या गोदामांत फडताळेच चालत माणसाकडे येऊ लागली. भिवंडीच्या गोदामांपर्यंत ही चाल आज ना उद्या पुरतेपणी येणार, आणि ओझ्याखाली पिचलेल्या मानेची ज्याला कणव आहे त्याने तिला विरोध करू नये, असेच मला वाटते. अडचण निराळीच आहे. माथाड्याला माथा होता, धनी नव्हता. या यंत्राला धनी आहे, माथा नाही. लेव्ही मजुरीवर बसते. जिथे मजुरीच नाही तिथे ती कशावर बसवायची?

त्या ड्रोनवाल्या तरुणाशी नंतर बोलणे झाले. त्याचे आजोबा मशीद बंदरात होते. हा एकरी पैसे घेतो, आज मल्हारपेठ, उद्या तांबवे, परवा कुणाचा फोन येईल तिथे. पाते तुटले की खर्च त्याचा, पाऊस लागला की दिवस बुडाला. आजोबांच्या तरुणपणी जसे धनी अनेक आणि कुणीच नव्हे, तसेच नातवाचे आहे, फक्त पाठ शाबूत आहे. माथाडी कायद्याच्या परिशिष्टात कामांची यादी आहे: माल चढवणे, उतरवणे, थप्पी लावणे, वाहून नेणे, तोलणे, मापणे. उडवणे त्यात नाही, आणि ते त्यात घालावे म्हणून मंत्रालयावर जाणारा मोर्चाही अजून कुठे निघालेला नाही.