तिसरी सही

बारामतीहून इंदापूरला जाताना निमगाव केतकी लागतं. आजूबाजूला ऊस आहे, डाळिंब आहे, पण या गावाचं नाव बाजारात घेतलं जातं ते विड्याच्या पानांसाठी. शेवरीच्या आधाराने वेली चढलेल्या असतात आणि भर उन्हाळ्यातही आत गारवा असतो. मळ्यात पायताण घालून कुणी शिरत नाही. पान खुडणाऱ्याच्या अंगठ्याला नखी असते, तिनेच देठ तुटतो.

अशाच एका पानमळ्याच्या मालकाची ही गोष्ट. घरात म्हातारी आई, बायको आणि दोन मुली. सगळी आळी त्यांना आबा म्हणायची. मळा लहान, पण राखलेला असा की त्यांच्या पानाला व्यापारी थांबून राहायचे. यातलं निम्मं श्रेय आबा नानांना द्यायचे. नाना म्हणजे वेली उतरवणारा जुना गडी.

पानवेल वर वर चढत जाते. फार उंच गेली की पान बारीक पडतं. मग ती आधारावरून सोडवून खाली घ्यायची, तिचं वेटोळं करून मातीत गाडायचं आणि शेंड्याकडचा भाग पुन्हा शेवरीला बांधायचा. दरवर्षी ही उतरण करावी लागते. वेल पिरगळली की गेली, म्हणून हे काम कुणाच्याही हाती देत नाहीत. नाना वेल अशी खाली घ्यायचे की एक पान दुमडायचं नाही. वीस वर्षं उतरण त्यांचीच, आणि उतरणीच्या दिवसांत दुपारची भाकरी आबांच्याच घरची. आबांच्या दोन्ही मुली नानांच्या खांद्यावर बसून मळा हिंडल्या होत्या.

थोरलीचं लग्न ठरलं तेव्हा कोरोना यायचा होता. आबांच्या मनाने घेतलं की कार्य असं झालं पाहिजे की तालुक्यात नाव निघावं. मंगल कार्यालय घेतलं, दीड हजार पत्रिका छापल्या. पैसा कमी पडला तेव्हा व्यापाऱ्याकडून पुढच्या हंगामाच्या पानांवर उचल घेतली. पत्रिकेची निम्मी जागा प्रमुख उपस्थितीच्या नावांनी भरली.

मुहूर्त साडेबाराचा होता. पण मान्यवर एकेक करून येत होते आणि जो येईल त्याचं नाव माइकवरून पुकारलं जात होतं. फेटा, शाल, श्रीफळ, दोन शब्द. मे महिन्याचं ऊन, शालूत अवघडलेली नवरी, मांडीवर पेंगलेली पोरं. अक्षता पडल्या तेव्हा दोन वाजून गेले होते. नवऱ्या मुलीला ताटकळत ठेवून पाहुण्यांचा सत्कार करणं ही आपल्याकडची फार वाईट रीत आहे, असं मी मनापासून मानतो. आबांनाही त्या दिवशी ते जाणवलं होतं, पण माइक त्यांच्या हातात नव्हता.

त्या गर्दीत नाना आणि त्यांची बायको आली होती. नानांनी नवी टोपी घातली होती. ज्या पोरीला खांद्यावर वागवलं तिच्यासाठी खणाची घडी आणली होती. दोघं ताटं घेऊन जेवणाच्या रांगेत उभी राहिली. त्यांचा नंबर आला तेव्हा पुऱ्या संपल्या होत्या. भाड्याने आणलेल्या वाढप्याने सांगितलं, "थांबा, येतंय." दोघं थांबली. बऱ्याच वेळाने त्यांनी रिकामी ताटं परत ठेवली, आहेर लिहिणाऱ्याकडे खण दिला आणि घरचा रस्ता धरला. आबा तेव्हा स्टेजवर फोटोसाठी उभे होते.

पुढे उतरणीचे दिवस आले. आबांनी निरोप धाडला आणि नाना पहिल्याच हाकेला आले. काम नेहमीसारखंच केलं. दुपारी घरातून भाकरी आली तेव्हा नानांनी शेवरीला अडकवलेलं फडकं सोडलं आणि त्यातून डबा काढला.

"नाना, हे काय?"

"आणलीया भाकर, मालक."

दुसऱ्या दिवशीही डबा, तिसऱ्या दिवशीही. उतरण संपेपर्यंत नानांनी आबांच्या घरचा घास घेतला नाही. तोंडाने वावगा शब्द काढला नाही, मजुरी वाढवून मागितली नाही.

कारण कळलं ते आबांच्या आईला. पिठाच्या गिरणीत नानांची बायको भेटली. म्हातारीने खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आत्याबाई, उपाशी आलो त्याचं न्हाई काय. उपास काय आमाला नवा न्हाई. पर मालकांनी आमच्याकडं एकदाबी बगितलं न्हाई."

रात्री म्हातारीने हे आबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी आबा नानांच्या दारात गेले, बराच वेळ पावसापाण्याचं बोलत राहिले आणि उठताना एवढंच म्हणाले, "पोरीच्या लग्नात गर्दी लई झाली हुती, नाना."

"व्हय, लई हुती," नाना म्हणाले.

त्यापुढे दोघांनाही बोलता आलं नाही.

लगेच २०२० साल आलं. टाळेबंदीत पानाच्या टपऱ्या बंद झाल्या आणि खुडलेलं पान घ्यायला कुणी उरलं नाही. लग्नासाठी घेतलेली उचल फिटायला तीन वर्षं लागली.

धाकटी तोवर बारामतीत नर्स म्हणून नोकरीला लागली होती. तिचं लग्न ठरलं. मुलगा साधा, घरचे समजूतदार. बोलणी झाल्यावर ती वडिलांपुढे येऊन बसली.

"आबा, लग्न आपल्या अंगणात करायचं. तुम्ही स्वतः ज्यांना वाढाल तेवढीच माणसं बोलवायची."

आबा गप्प झाले. मग म्हणाले, "अगं, आपण सगळ्यांच्या पंगतीला बसलोय. आहेर घेतलेत. आता आपल्या घरचं कार्य, आन्‌ त्यांना बोलवायचं न्हाई? उद्या तोंड कसं दावू?"

आबांची ही अडचण खोटी नव्हती. गाव देण्याघेण्यावरच उभं असतं. एकाच्या मांडवाला दुसऱ्याच्या बांबूचा आधार, एकाच्या मयताला दुसऱ्याचा खांदा. ज्याला हे तोडायचं नाही, त्याला माणसं कमी बोलावणं जड जातंच.

मुलगी म्हणाली, "आबा, २०२१ च्या एप्रिलमध्ये सरकारने लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास ठरवून दिले होते. मोडलं तर पन्नास हजार दंड. तेव्हा आपल्याच आळीत लग्नं लागली. त्यातलं एक तरी माणसं कमी होती म्हणून मोडलं का?"

"ती सक्ती हुती."

"मग आता आपल्या मनाने करू."

शेजारचे निवृत्त गुरुजी ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "आबा, पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला तो २४ सप्टेंबर १८७३ ला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा ग्यानोबा निंबणकर. हुंडा नाही, बडेजाव नाही, खर्च सावित्रीबाईंनी उचलला. दीडशे वर्षं झाली, त्या दोघांची नावं आपण अजून घेतो. त्या साली पुण्यात वाजतगाजत किती वराती निघाल्या असतील, त्यातलं एक नाव मला सांगता येईल का?"

आबा तरी म्हणाले, "पर गुरुजी, आपल्या गावाला माणसं जेवू घालायची सवय हाय. तुकोबांची पालखी मुक्कामाला येती तवा घरटी दिंडी जेवती. आन्‌ लेकीच्या लग्नाला हात आखडायचा?"

इतका वेळ म्हातारी वाती वळत ऐकत होती. तिने वाती बाजूला ठेवल्या.

"आरं, वारकऱ्याला आपण नाव इचारत न्हाई. दारात आला की वाढतो. त्येला आवतन लागत न्हाई. लगीन येगळं. लग्नाला नाव घिऊन बोलवत्यात. मग ज्येला नाव घिऊन बोलीवलं, त्येच्याकडं बगाया नगं?"

आबांनी मान खाली घातली.

म्हातारी पुढे म्हणाली, "तुला मळ्याचं काय सांगायचं? येल लई वर गेली की पान बारीक पडतं. मग उतरवावी लागती. येल उतरवली म्हणून कुनी हसतं का? थोरलीच्या लग्नात आपून लई वर गेल्तो, बाळा. आता उतरू."

त्या रात्री यादी करायला बसले. म्हातारीने एकच प्रश्न ठेवला. प्रत्येक नावाला ती विचारायची, "ह्येच्या घरी दुखणं झालं तर तू रातीचा जाशील का? आन्‌ तुझ्या घरी झालं तर ह्यो यील का?" आबा खरं सांगायचे. काही नावांवर लगेच हो म्हणायचे, काहींवर थबकायचे. थबकले की मुलगी पेन उचलून पुढच्या नावावर जायची. यादी सत्तरच्या आत आली. विचारायच्या आधीच आबांनी स्वतःच्या हाताने पहिलं नाव लिहिलं होतं, ते नानांचं.

आमंत्रणाला आबा आणि त्यांची बायको जोडीने नानांच्या घरी गेले. कुंकू लावलं, अक्षता दिल्या. आबा म्हणाले, "नाना, मुहूर्तमेढ तुमच्या हातची रवायची हाय." नाना बायकोकडे बघत राहिले. मग आत वळून म्हणाले, "चा ठेव."

लग्नाच्या दिवशी अंगणात लिंबाखाली मांडव होता. केळीचे खांब, आंब्याचे डहाळे. शेजारणींनी पराती आणि पातेली आणून दिली, पहाटेपासून चुली पेटल्या. गव्हाची लापशी, वांग्याची भाजी, पुरी, मसालेभात, मठ्ठा. माइक नव्हता, त्यामुळे मंगलाष्टका म्हणायला लागल्यावर सगळ्यांनी आपापली बोलणी थांबवली. मुहूर्ताच्या मिनिटाला अक्षता पडल्या. नवरा-नवरी कुणाकुणाच्या पाया पडली ते त्यांना नावानिशी ठाऊक होतं.

मग पंगत बसली. आबांनी उपरणं कमरेला बांधलं आणि लापशीची परात हातात घेतली. व्याही पुऱ्या घेऊन मागे. आबा एकेका पानापुढे वाकत होते, नाव घेत होते, वाढत होते. नानांपुढे आले तेव्हा ते थांबले, तिथेच जमिनीवर उकिडवे बसले. लापशी वाढली, तिच्यात खड्डा करून तुपाची धार सोडली.

"नाना, माझ्याकडून चूक झाली हुती."

नानांनी पहिला घास घेतला, चावला, गिळला. म्हणाले, "तूप जरा आन वाढा, मालक."

जेवणं झाल्यावर आबांनी स्वतःच्या मळ्यातल्या पानांचे विडे प्रत्येकाच्या हातात दिले. संध्याकाळी उरलेलं जेवण आळीत वाटलं. रात्री हिशेब केला, उचलीची गरज पडली नव्हती.

सगळं गोडच झालं असं मात्र नाही. भावकीतल्या एकाने वर्षभर बोलणं टाकलं. दोन-तीन घरांतून टोमणे आले. लग्नानंतर आबा जावई-मुलीला घेऊन, न बोलावलेल्या कितीतरी घरी स्वतः गेले, जोडप्याला पाया पडायला लावलं, विडा दिला. बहुतेकांचा रुसवा उंबऱ्यावरच गेला. एका म्हाताऱ्याने तर सांगितलं, "बरं झालं बाबा, कार्यालयात आलो असतो तर पोरीचं तोंडबी दिसलं नसतं."

लग्नाची नोंद करायला सगळे ग्रामपंचायतीत गेले. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाहनोंदणी होते, आणि अर्जावर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. पहिली सही नवऱ्या मुलाच्या मामांनी केली. दुसरी नवरीच्या बारामतीच्या मैत्रिणीने, तीही नर्सच. तिसऱ्या जागेसाठी आबांनी नानांना पुढे केलं.

नाना अवघडले. ग्रामसेवकाला म्हणाले, "सायेब, म्या गडी माणूस. माझी चालंल का?"

"लग्नाला हजर होता ना?"

"हुतो की. मुहूर्तमेढ म्याच रवली. जेवलो बी."

"मग करा सही."

नानांनी एकेक अक्षर जोडत सही केली.

तुळशीचं लग्न झालं की पुन्हा लग्नसराई सुरू होईल. तुमच्या घरी यंदा कार्य असेल, तर कोऱ्या कागदावर आधी तीन साक्षीदारांची नावं लिहा आणि त्यांच्या घरी स्वतः जाऊन या. कार्यालयाची चौकशी त्यानंतर करा.