फूल की दोन पानं

16 जानेवारी 1967 रोजी गोव्यात जनमत कौल झाला. मतदारांसमोर चिन्हं दोनच होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश. सभा तापल्या होत्या, घराघरांत तट पडले होते. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते, मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी आधीच राजीनामा दिला होता. सुमारे 34 हजार मतांनी दोन पानं जिंकली.

मला मोलाचं वाटतं ते त्यानंतरचं. तीन महिन्यांच्या आत विधानसभेची निवडणूक झाली आणि गोवेकरांनी बांदोडकरांनाच पुन्हा मुख्यमंत्रिपदी बसवलं. विलीनीकरण नको, पण हा नेता हवा! इतका बारीक निवाडा लाठ्याकाठ्यांनी कधी होत नाही. हरलेल्यांनाही त्याच गावात राहायचं असतं, त्याच बाजारात मासळी घ्यायची असते. आपलं म्हणणं उद्या पुन्हा मांडता येईल, ही खात्री असली की हार पचते.

वाद तिथेच मिटला असं नाही. 1986 साली भाषेवरून तो पेटला, माणसं दगावली. तोडगा निघाला तो मात्र विधानसभेतच, 1987 च्या राजभाषा कायद्याने: कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी वापरात जागा मिळाली.