मनाला कारण असते

द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी भातखाचरे आणि मिठागरे होती तिथे सिडकोच्या इमारती उठल्या, सातबाऱ्यावरचे नाव गेले, मोबदलाही मिळाला. पण पहाटे बांधावर जाणारा वृद्ध शेतकरी आजही त्याच वेळी उठून गॅलरीत नुसता बसतो. घरचे म्हणतात, बाबा चिडचिडे झाले. मनाला कारण असते. कधी सुटलेली जमीन, कधी मोडलेली झोप, कधी शरीराचाच विकार.

ताप आला की आपण वैद्याकडे धावतो. मन आजारले की स्वभावाला दोष देऊन मोकळे होतो. हा कुठला न्याय? मनाला कारण असते, म्हणून उपचारही असतो. २०१७च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने तो नागरिकाचा हक्क ठरवला आहे. त्यासाठी १४४१६ या सरकारी मदत क्रमांकावर मराठीत बोलता येते. बाबांचा हात अडखळला, तर क्रमांक आपण लावून द्यावा. बोलणे मात्र त्यांनाच करू द्यावे.