काढणीनंतरचं वर्ष

मक्याची कितीही काळजीपूर्वक काढणी केली, तरी चार दाणे रानात सांडतातच. पुढच्या पिकात त्यांची रोपं आपसूक वर येतात. शेतकरी ती खुरपणीत उपटतो आणि बांधावर टाकतो. साध्या मक्याच्या बाबतीत तेवढं पुरतं.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, अरोरा गावाजवळ 2001 साली उभा राहिलेला मका साधा नव्हता. प्रोडिजीन या टेक्सासमधल्या कंपनीने त्यात परकं जनुक घातलं होतं. डुकराच्या पिलांना जीवघेणे जुलाब होतात. त्यांवरच्या लशीचं प्रथिन त्या दाण्यात तयार व्हायचं. कल्पना खरोखर मोलाची होती. जे प्रथिन कारखान्यातल्या महागड्या टाक्यांत बनवावं लागतं, ते ऊन, पाणी आणि मातीच्या बळावर पिकवता आलं तर किती जिवांची सोय होईल!

हंगाम संपला. प्रयोगाचा मका निघाला. पुढच्या वर्षी त्याच रानात सोयाबीन पेरलं गेलं आणि त्यात मक्याची रोपं दिसू लागली. सरकारी निरीक्षकांनी ती काढून टाकायला सांगितलं. पण ते काम पुरं होण्याआधीच सोयाबीनची काढणी झाली आणि मक्याची धाटं-पानं त्याच्याबरोबर कोठारात गेली. त्या रानातला माल होता 500 बुशेल, म्हणजे साडेतेरा टनांच्या आसपास. कोठारात तो मिसळला 5 लाख बुशेल सोयाबीनमध्ये. आता निवडणार काय आणि कसं? सरकारने सगळा साठा जागीच रोखला.

सुदैवाने त्यातलं काहीच लोकांच्या ताटात गेलं नाही. कंपनीला अडीच लाख डॉलर दंड झाला; साठा विकत घेऊन नष्ट करण्याचा सुमारे 30 लाख डॉलरचा खर्च वेगळा. त्याच वर्षी आयोवा राज्यात, याच कंपनीच्या मक्याचे परागकण पोचले असतील या भीतीने 155 एकर मका नष्ट करावा लागला.

यात जनुकाने कुणाचं वाईट केलं नाही. काढणी झाली की जबाबदारीही संपली, या समजुतीने केलं. 2003 मध्ये अमेरिकेने नियम कडक केले: अशा शेताची किमान सात वेळा तपासणी, त्यांतल्या दोन पीक निघाल्यानंतरच्या वर्षी.

उघडं रान टाळूनही वनस्पतीकडून औषध मिळवता येतं. गोशे नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारावरच्या एका औषधाला मे 2012 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते गाजराच्या पेशींत बनतं. त्या पेशी इस्रायलमधल्या कारखान्यात, बंद पिशव्यांमध्ये वाढतात. तिथे ना वारा पोचतो, ना शेजारचं रान. वनस्पतीकडून औषध जरूर घ्यावं, पण पहिली पसंती अशा बंदिस्त जागेला द्यावी. उघड्या रानातच लावायची वेळ आली, तर आपण खातो ते पीक त्यासाठी निवडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.