स्लाइड आणि दृश्यनिरसन

पडद्यावर स्लाइड आली की श्रोत्यापुढे एकाच वेळी दोन वाटा उघडतात: डोळ्यांना दृश्य आणि कानांना शब्द. नेमके ज्ञान कोणत्या वाटेने होते आणि एक वाट दुसरीच्या आड येते का, हा प्रश्न प्रोजेक्टरपेक्षा फार जुना आहे. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’त तो सगुण-निर्गुणाच्या अंगाने हाताळला. ग्रंथाच्या सहाव्या दशकात सातवा समास सगुणभजनाचा आहे आणि त्याला लागूनच आठवा दृश्यनिरसनाचा. सगुणाचा आधार सोडायचा नाही, पण जे दिसते तेच सत्य असेही मानायचे नाही, अशी ही मांडणी आहे.

वेदान्तात हीच रीत स्थूलारुंधती न्यायाने सांगतात. अरुंधतीची तारका बारीक, चटकन दिसत नाही. म्हणून आधी जवळचा ठळक तारा दाखवायचा, नजर तिथे स्थिरावली की ‘ही नव्हे, याच्या शेजारची’ असे म्हणायचे. स्लाइडचे काम त्या ठळक ताऱ्याचे आहे. सादरीकरण फसते ते बहुतेक वेळा ‘ही नव्हे’ म्हणायचे राहून गेल्यामुळे. आलेख झळकतो, सभा आलेखाकडे पाहत राहते आणि त्यावरून काढायचा निष्कर्ष तसाच पडून राहतो.

श्रोते जाणकार असले की अधिकाराचा प्रश्न येतो. शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी स्पष्ट कराव्यात असा संकेत आहे: अधिकारी (म्हणजे ते ज्ञान घेण्यास योग्य श्रोता), विषय, संबंध आणि प्रयोजन. ‘दासबोधा’ची सुरुवातही श्रोत्यांच्या प्रश्नांनी होते. हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे, ऐकून काय मिळणार, असे ते विचारतात. वक्त्याची पदवी, संस्थेचे बोधचिन्ह आणि आभार यांतच पहिल्या चार स्लाइड खर्च करणाऱ्याने ही सुरुवात जरूर पाहावी. अधिकारी कोण हे ठरले की काय गाळायचे तेही ठरते. साखर कारखान्याच्या तांत्रिक अधिकाऱ्यांच्या बैठकीत साखर उतारा म्हणजे काय हे सांगत बसणे म्हणजे श्रोत्याचा अधिकार नाकारणे होय. तो यंदा का घटला, इथून बोलणे सुरू व्हायला हवे.

सर्वांत मोठा दोष मात्र पडद्यावरचे वाक्य जसेच्या तसे वाचून दाखवण्याचा. न्यायसूत्रांत वादात हार ठरवणारी बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. पुनरुक्त हे त्यांपैकी एक. त्याला अपवाद अनुवादाचा, म्हणजे काही हेतूने पुन्हा सांगण्याचा. कळीचा आकडा दाखवून तो सावकाश उच्चारणे हा अनुवाद झाला. परिच्छेद वाचणे ही निव्वळ पुनरुक्ती. तिथे श्रोता वक्त्याच्या आधीच वाचून मोकळा होतो आणि उरलेला वेळ वाट पाहतो.

दृश्य आणि शब्द यांची कामे वाटून कशी द्यावीत, याचा नमुना सांगलीत आहे. 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी तिथे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या नाटकांत सूत्रधार रंगमंचावरच उभा राहून आख्यानाची पदे म्हणे आणि पात्रे प्रसंग उभा करीत. संवाद बरेचसे ऐनवेळचे असत. कथेचा धागा सूत्रधाराच्या हाती आणि रूप पात्रांकडे, अशी ही विभागणी होती. सूत्रधार पात्रांच्या मागे लपत नसे. अंधारात लॅपटॉपमागे उभ्या राहणाऱ्या आजच्या वक्त्याने मात्र सूत्रधारपण स्लाइडच्या हवाली केलेले असते.

दृश्य नश्वर आहे म्हणून ते गबाळे असले तरी चालते, असे रामदासांनी कुठे सुचवलेले नाही. उलट एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास त्यांनी लेखनक्रियेलाच दिला. अक्षर सुटे आणि सारखे असावे, ओळींत अंतर राखावे, सभोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षर वाचते. तरुणपणी फार बारीक लिहिले तर ते म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून अक्षर मध्यम ठेवावे, असाही सल्ला तिथे आहे. सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या साठीच्या डॉक्टरांना हा समास न वाचताही पटेल. दृश्यनिरसन शिकवणाराच अक्षराच्या आकाराची एवढी काळजी घेतो, यात विसंगती नाही. आधार कच्चा असेल तर नजर तिथेच अडखळते आणि पुढचे दिसत नाही.

मग आधार कधी बाजूला करायचा? शंका विचारली गेली, मतभेद निघाला किंवा मुख्य निष्कर्ष सांगायची वेळ आली की पडद्याने मागे सरावे. त्या क्षणी सभेने वक्त्याकडे पाहायचे असते. याची सोय यंत्रातच आहे: पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड दाखवताना ‘बी’ ही कळ दाबली की पडदा काळा होतो, आणि तीच पुन्हा दाबली की चित्र परत येते.