मॅट बस्बींचं ओझं

हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेला नवरा एकेका पोराचं नाव घेतो आणि उशाशी बसलेली बायको नुसती मान हलवते. पोरगं जगलं असेल तर होकाराची, गेलं असेल तर नकाराची. १९५८ साली म्युनिकच्या हॉस्पिटलात मॅट आणि जीन बस्बी यांच्यात झालेलं हे बोलणं मी वाचलं, त्या दिवशी पुढचं पान उलटवलं नाही. मी कोल्हापुरात तीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो. पोरांची नावं रोज हजेरीला घ्यायचो. तीच नावं अशी घ्यावी लागणं म्हणजे काय, याची कल्पना करतानाच घसा कोरडा पडतो.

बस्बी मूळचे स्कॉटलंडचे, लॅनर्कशरमधल्या खाणकामगारांच्या वस्तीतले. वडील खाणीत राबणारे. १९१७ मध्ये आरासच्या लढाईत ते मारले गेले. मॅटही खाणीत उतरले. फुटबॉलने त्यांना वर काढलं. मँचेस्टर सिटीकडून १९३४चा एफ. ए. कप जिंकला, स्कॉटलंडकडून एक अधिकृत सामना खेळले, मग लिव्हरपूलला गेले. १९४५ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्यांना मॅनेजर केलं तेव्हा क्लबचं मैदान जर्मन बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेलं होतं. तिथून त्यांनी संघ उभा केला. तयार खेळाडू विकत घेण्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांची पोरं आणायची, सांभाळायची, वाढवायची, ही त्यांची रीत. १९५६ आणि १९५७ अशी सलग दोनदा या पोरांनी लीग जिंकली.

आता बस्बींचा तो निर्णय, ज्याचं पुढे ओझं झालं. युरोपियन कप नवा होता आणि इंग्लिश लीगच्या कारभाऱ्यांना तो नको होता. १९५५ मध्ये चेल्सीने त्यांच्या दबावाखाली माघार घेतली. पुढच्या वर्षी बस्बींनी ऐकलं नाही, आपला संघ उतरवला. फुटबॉल आता आपल्या बेटापुरता राहिलेला नाही, हे त्यांना दिसत होतं, आणि ते बरोबर होतं. ५ फेब्रुवारी १९५८ला बेलग्रेडला या कपचा सामना झाला. शनिवारी वुल्व्ह्जविरुद्ध लीगचा सामना होता, वेळेत परतणं भाग होतं, म्हणून खास विमान. इंधनासाठी ते म्युनिकला उतरलं. धावपट्टीवर बर्फाचा चिखल. दोनदा उड्डाण फसलं. तिसऱ्यांदा विमान धावपट्टी ओलांडून कुंपण तोडत घरावर आदळलं. चव्वेचाळीसपैकी तेवीस माणसं गेली, त्यात आठ खेळाडू. लियम व्हेलन हा भाविक कॅथलिक पोरगा शेवटच्या त्या धावेत, आपली मरणाची तयारी आहे, असं म्हणाल्याचं वाचलेल्या सोबत्यांनी सांगितलं. डंकन एडवर्ड्स पंधरा दिवस झुंजला आणि एकविसाव्या वर्षी गेला. मरणाच्या दारातल्या कॅथलिकाला लावतात ते पवित्र तेल बस्बींना दोनदा लावलं गेलं. तरी ते जगले, आणि आपण जगलो हेच त्यांना जड झालं.

प्रश्न हा आहे: निर्णय योग्य, हेतू स्वच्छ, आणि त्यातून असा अनर्थ झाला, तर तो करणाऱ्याचा म्हणायचा का?

आपल्याकडे याची दोन उत्तरं तयार असतात. एक, नशीब. दुसरं, गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचा आधार: फळ आपल्या हाती नाही. मला दोन्ही पटत नाहीत. फळाची आस सोडायला सांगणं वेगळं आणि फळाकडे पाठ फिरवायची मुभा देणं वेगळं. गीता ज्या महाभारतात आहे त्याच महाभारतात पुढे शांतिपर्व आहे. तिथे जिंकलेला युधिष्ठिर राज्य नको म्हणून बसतो. माझ्यामुळे माणसं मेली, मी वनात जातो, म्हणतो. तो चुकतोय असं सगळे सांगतात. पण व्यासांनी त्याचं हे रडणं कापून टाकलं नाही, त्याला पानंच्या पानं दिली. त्याला उठवायला भावांच्या बरोबरीने द्रौपदी बोलते. आणि तिची तर पाचही मुलं मारली गेलेली असतात.

बस्बींनाही फुटबॉलचं नाव नको झालं होतं. जीन म्हणाली, गेलेल्या पोरांना तुम्ही काम पुढे चालवावं असंच वाटलं असतं. ते काठी टेकत परतले.

मी हे एवढ्या हट्टाने लिहितोय याला कारण आहे. १९९६च्या पावसाळ्यात गोव्याहून सामने खेळून आम्ही ट्रॅक्सने परतत होतो. आंबोली घाटात धुकं इतकं की बोनेटही दिसेना. ड्रायव्हर म्हणाला, "सर, चहा घेऊ, जरा निवळू दे." दुसऱ्या दिवशी शाळेत चाचणी होती. मी म्हणालो, "हळूहळू चल." वळणावर गाडी कलंडली. आमच्या लेफ्ट विंगचा पाय दोन ठिकाणी मोडला, तो पुन्हा खेळला नाही. त्याची आई दवाखान्यात मलाच धीर देत होती, "सर, तुमी काय मुद्दाम केलं व्हय?" आज त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. भेटला की वाकून नमस्कार करतो. तो वाकतो तेव्हा उजवा गुडघा नीट दुमडत नाही.

त्या आईने मला दोषमुक्त केलं. ओझं तिला उतरवता येणार नव्हतं, आणि ते उतरावं असं मला आता वाटतही नाही. दोष आणि ओझं यांत आपण गल्लत करतो. म्युनिकला लोकांना दोषी हवा होता, म्हणून वैमानिक जेम्स थेन यांच्यावर पंखांवरचं बर्फ न काढल्याचा ठपका आला. त्यांची नोकरी गेली. धावपट्टीवरच्या चिखलाने विमानाचा वेग खाल्ला, हे मान्य होऊन निर्दोष ठरायला त्यांना १९६९ साल उजाडावं लागलं. बस्बींवर कोणी ठपका ठेवला नाही. त्यांनी पोरांना नेलं होतं, एवढंच ते विसरले नाहीत. मला वाटतं, हाच धर्म.

दहा वर्षांनी, २९ मे १९६८ला, वेम्ब्लीवर त्यांच्या युनायटेडने बेन्फिकाला ४-१ हरवून तोच युरोपियन कप जिंकला. त्या विमानातून वाचलेले बॉबी चार्लटन आणि बिल फोक्स संघात होते. चार्लटनने दोन गोल केले. रात्रीच्या मेजवानीला मात्र चार्लटन खोलीतून खाली येऊ शकला नाही. कपाने मेलेली आठ पोरं परत येत नाहीत. बस्बींइतकं हे कोणाला ठाऊक असणार?

पोरांचा संघ घेऊन गाडीत बसणाऱ्या प्रत्येक सरांना आणि मॅडमना हात जोडून सांगतो: ड्रायव्हर थांबूया म्हणाला, तर थांबा.