वीजबिल भरले, देणे फिटले?



संध्याकाळी कोपर स्टेशनवर लोकल रिकामी होते आणि घराघरांतले दिवे, पंखे, मिक्सर एकदम सुरू होतात. मागणी अशी अचानक चढली की कोळशावरचे बंद संच लगेच उपयोगी पडत नाहीत. त्यांना तापायलाच कित्येक तास लागतात. पाण्यावरची जनित्रे काही मिनिटांत फिरू लागतात. महाराष्ट्रात यात कोयनेचा वाटा मोठा. पाटण तालुक्यात अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला, चिपळूण तालुक्यातील पोफळीकडे कोसळते. सारे टप्पे मिळून क्षमता 1,960 मेगावॅट. आपल्या तारेतली वीज कोयनेची किती आणि चंद्रपूरच्या कोळशाची किती, हे वेगळे काढता येत नाही. म्हणून ‘माझा काय संबंध?’ असेही कोणाला म्हणता येत नाही.

धरण 1964 साली पुरे झाले. शिवसागर जलाशयाखाली गावे, शेते, देवळे गेली. माणसांना सोलापूर, सांगली, रायगड, आणि हो, आपल्या ठाणे जिल्ह्यातही नेऊन वसवले. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला 1976 साली. देशातला पहिला, पण कोयनेच्या लोकांना बारा वर्षे उशिरा. 2018 साली धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. मागणी तीच, पुनर्वसन पुरे करा.

पहिल्या राजांच्या पुस्तकातील नाबोथ आठवतो. अहाब राजा त्याच्या द्राक्षमळ्याच्या बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत द्यायला तयार होता. व्यवहार म्हणून वाईट नव्हता. नाबोथ म्हणाला, हे वाडवडिलांचे वतन आहे, देणार नाही. पुढे त्याचे काय झाले ते आपण जाणतोच. कोणी म्हणेल, अहाबाला स्वतःसाठी भाजीचा मळा हवा होता, कोयना तर सर्वांसाठी. फरक खरा आहे. धरण नकोच होते असे मीही म्हणणार नाही. इस्पितळातली नवजात बाळाची पेटी विजेवरच चालते. पण राजाने स्वतःसाठी घेतले तर राजा देणेकरी. सर्वांसाठी घेतले तर आपण सारेच देणेकरी.

‘त्यांनी त्याग केला’ असे आपण सहज म्हणतो. त्याग माणूस आपण होऊन करतो. इथे तर घेतले गेले. त्याग म्हटले की नुसत्या कृतज्ञतेवर भागते, ही त्या शब्दाची सोय आहे. संत थॉमस अक्विनस यांच्या मते न्याय म्हणजे ज्याचे त्याला देण्याची अढळ इच्छा. दानात आपण आपले देतो, न्यायात दुसऱ्याचे त्याला देतो. धरणग्रस्ताला जमीन मिळते ती दान म्हणून नव्हे.

साठ वर्षे उलटली, घेणारे गेले, ज्यांचे घेतले तेही गेले, मग कसले देणे? पण जनित्रे अजून फिरतात. घर वारशाने घेणाऱ्याला त्यावरचे कर्जही घ्यावे लागते.

या रविवारच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत धरणग्रस्तांसाठी एक विनंती घातली आहे. ‘त्यांना धीर मिळो’ असे प्रथम लिहिले होते. आता ‘त्यांना जमीन मिळो’ असे वाचले जाईल.